त्र्यंबकचा हिरा आणि पडद्यावरचा शाप

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनी या देशांत जे रहस्यपट आणि भयपट निघाले, त्यांपैकी अनेकांचे कथानक थोड्याफार फरकाने एकच आहे. पूर्वेकडील एखाद्या देवळातल्या मूर्तीच्या कपाळावरचे किंवा डोळ्यातले रत्न कोणी गोरा शिपाई काढून नेतो, ते रत्न ज्या घरात जाते त्या घरात मृत्यू शिरतो आणि त्याच्या मागावर निघालेले पुजारी समुद्र ओलांडून, वेष पालटून, लंडनच्या धुक्यात एखाद्या हवेलीच्या खिडकीबाहेर येऊन उभे राहतात. अशा चित्रपटांना या प्रकरणात सोयीसाठी ‘शापित रत्नपट’ असे नाव दिले आहे. नाशिकच्या वाचकाला त्यात एक वेगळे कुतूहल वाटावे असे कारण आहे, कारण देवस्थानाचे रत्न परक्याच्या हाती जाणे, हा या कथानकाचा पहिला अंक, नाशिक जिल्ह्यात प्रत्यक्ष घडून गेलेला आहे. आणि ज्या गावच्या देवाचा हिरा गेला, त्याच गावात पुढे बावन्न वर्षांनी भारतीय चित्रपटाचा जनक जन्माला आला.

हा हिरा जगभरच्या जवाहिऱ्यांना ‘नासक’ या नावाने ठाऊक आहे. नासक म्हणजे नाशिकच. इंग्रजांच्या कागदोपत्री गावाचे नाव जसे लिहिले गेले, तसे ते हिऱ्याला चिकटले. परंपरेनुसार हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा होता आणि त्याला शिवाचा नेत्र म्हणत. एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला, जूनमध्ये दुसरा बाजीराव पेशवा इंग्रज सेनानी माल्कम याच्या स्वाधीन झाला आणि पेशवाईच्या जडजवाहिराबरोबर हा हिराही युद्धातील लूट म्हणून कंपनीच्या ताब्यात गेला. तो लंडनला पोहोचला तेव्हा सुमारे नव्वद कॅरेटचा होता. कॅरेट हे रत्नांच्या वजनाचे माप असून पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम होतो, म्हणजे हिरा अठरा ग्रॅमच्या आसपास, जुन्या हिशेबाने दीड तोळ्याहून थोडा अधिक भरला असणार. हिंदुस्थानी कारागिराची दृष्टी दगडाचे वजन राखण्याकडे असे, युरोपी कारागिराची त्यातून प्रकाश खेळवण्याकडे; म्हणून लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीने त्याला पुन्हा पैलू पाडले, आणि त्यात तो ८०.५९ कॅरेटवर आला. १८३७ च्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो ७,२०० पौंडांना घेतला आणि आपल्या दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला.

शापित रत्नाच्या कथेप्रमाणे येथून पुढे त्या घराण्याची धूळधाण व्हायला हवी होती. प्रत्यक्षात सुमारे नव्वद वर्षे हिरा त्या घराण्यात राहिला आणि त्या काळात ते ड्यूक पदाला चढून इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत घराण्यांत गणले गेले. देवाचे द्रव्य पचत नाही असे मराठीत म्हणतात. येथे ते उत्तम पचलेले दिसते.

‘मूर्तीचा डोळा’ ही कल्पना त्र्यंबकेश्वराच्या गाभाऱ्यापाशी तपासून पाहण्यासारखी आहे. नानासाहेब पेशव्यांनी काळ्या पाषाणात बांधायला घेतलेल्या या देवळात डोळे वटारून बसलेली भव्य मूर्ती नाही. इतर शिवालयांत शाळुंकेतून पिंडी वर आलेली असते. येथे शाळुंकेच्या मध्यभागी उखळासारखा खळगा असून त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत आणि ती ब्रह्मा, विष्णू व महेश यांची मानली जातात. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा. परंतु हे तीन डोळे नावात आहेत, दगडात कोरलेले नाहीत. देवाला रूप येते ते मुखवट्याने आणि मुकुटाने. सोन्याचा पंचमुखी मुखवटा सोमवारी पालखीतून कुशावर्त तीर्थावर नेतात, रत्नजडित मुकुटाचे दर्शनही ठरावीक वेळीच घडते. हिरा जडवलेला असेल तर तो अशाच एखाद्या अलंकारात असणार हे उघड आहे. पाश्चात्त्य पडद्यावरचा शिपाई मात्र प्रत्येक वेळी संगिनीच्या टोकाने मूर्तीचा डोळा उचकटतो. त्या दृश्याला भीती चढते ती डोळ्यामुळेच, कारण अलंकार नेला तर ती चोरी ठरते आणि डोळा नेला तर देव आंधळा होतो, आणि आंधळा झालेला देव शोधत येणार असे प्रेक्षकाला न सांगताच कळते.

या कथानकाचे मूळ चित्रपटात नसून कादंबरीत आहे. विल्की कॉलिन्स या इंग्रज लेखकाची ‘द मूनस्टोन’ १८६८ मध्ये चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः छापली गेली, आणि इंग्रजीतील पूर्ण लांबीच्या पहिल्या हेरकथांत तिची गणना होते. सोमनाथच्या चंद्रदेवाचा हिरा, १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या पाडावात त्याची झालेली चोरी, त्याच्या मागावर इंग्लंडात आलेले तीन ब्राह्मण आणि एका तरुणीच्या वाढदिवसाच्या रात्री तिच्या खोलीतून नाहीसा झालेला तो हिरा, असा तिचा पट आहे. कॉलिन्सने प्रस्तावनेत कोहिनूर आणि रशियाच्या राजदंडातला हिरा यांचा आधार सांगितला आहे. नाशिकच्या हिऱ्याचे नाव त्यात नाही. कादंबरीचा शेवट मात्र मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे: हिरा देवाच्या कपाळी परत जातो आणि लेखकाला त्यात काही गैर वाटत नाही. १८५७ ला जेमतेम अकरा वर्षे झाली असताना एका इंग्रज लेखकाने असा शेवट करावा, याला धैर्यच म्हणावे लागेल.

चित्रपटांनी हे धैर्य घेतले नाही, सांगाडा तेवढा उचलला. अमेरिकेतील सेलिग कंपनीने १९०९ मध्ये ‘द मूनस्टोन’ पडद्यावर आणला, १९१५ मध्ये त्याची लांब आवृत्ती निघाली आणि १९३४ च्या बोलपटात तर ते तीन ब्राह्मण आटून एका संशयास्पद हिंदी नोकराएवढे उरले. एडिसनच्या कंपनीने १९१३ मध्ये ‘द ग्रीन आय ऑफ द यलो गॉड’ हा लघुपट काढला, तो मिल्टन हेज याच्या दोनच वर्षांपूर्वीच्या आणि त्या काळी घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या काव्यावरून. मूर्तीचा हिरवा डोळा चोरणारा गोरा अधिकारी आणि त्याच्या छातीत खुपसलेला सुरा, एवढाच त्याचा आशय आहे. १९१३ हे वर्ष येथे मुद्दाम सांगण्याजोगे, कारण याच वर्षी ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

मूकपटाला या विषयात एक अडचण होती. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर हिरा आणि काचेचा तुकडा यांत फरक दिसत नाही, रंग सांगायचा तर दोन दृश्यांच्या मध्ये अक्षरांची पाटी दाखवावी लागते आणि पाटी वाचून कोणी घाबरत नाही. त्यामुळे रत्नाची किंमत पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटवावी लागली: मूठ उघडते, त्यात काय आहे ते धड दिसत नाही, पण पाहणाऱ्याचे डोळे विस्फारतात, ओठ सुकतात, तो मागे वळून दाराकडे बघतो. भयपटाची पुढची सारी भाषा या मागे वळून पाहण्यात आहे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरणार नाही.

शापाची जाहिरात कशी होते याचा नमुना होप हिऱ्यात सापडतो. हा निळा हिरा फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये याने सतराव्या शतकात हिंदुस्थानातून नेला आणि चौदाव्या लुईला विकला; तो गोवळकोंड्याच्या राज्यातील कोल्लूर खाणीचा समजला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी वर्तमानपत्रांनी अशी वदंता उठवली की ताव्हर्नियेने तो देवीच्या मूर्तीतून चोरला आणि पुढे त्याला कुत्र्यांनी फाडून खाल्ले. ताव्हर्निये प्रत्यक्षात ऐंशी ओलांडून मॉस्कोत वारला. पॅरिसच्या कार्तिए पेढीने १९११ च्या सुमारास हिरा एका धनाढ्य अमेरिकन बाईच्या गळी उतरवताना या शापाच्या गोष्टी न लपवता उलट त्या रंगवून सांगितल्या, कारण शापामुळे हिऱ्याची किंमत घटत नाही, वाढते, हे त्या व्यापाऱ्याला पक्के ठाऊक होते. १९२१ मध्ये ‘द होप डायमंड मिस्टरी’ ही पंधरा भागांची चित्रमालिका आली. चित्रमालिका म्हणजे दर आठवड्याला एक भाग दाखवायचा आणि नायिकेला कड्याच्या टोकाशी लोंबकळत ठेवून ‘पुढील भाग पुढच्या आठवड्यात’ असे सांगायचे, असा प्रकार. तिच्यात हिंदू पुजाऱ्याचे काम करणारा एक उंच, खोल डोळ्यांचा नट होता, त्याचे नाव बोरिस कार्लोफ. दहा वर्षांनी ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला राक्षस म्हणून तो जगप्रसिद्ध झाला, पण भीती दाखवण्याची उमेदवारी त्याने आपल्याकडच्या पुजाऱ्याच्या सोंगात केली होती.

या चित्रपटांतील भीती नेमकी कोणाची आहे, हा प्रश्न विचारला की सगळा प्रकार उलगडू लागतो. ज्याचे रत्न गेले तो घाबरलेला नसतो, त्याने घाबरण्याचे कारणही नसते; घाबरतो तो, ज्याच्या कपाटात ते येऊन पडलेले असते. म्हणजे शापित रत्नपट ही नेणाऱ्याच्या मनातली धाकधूक आहे, आणि ती पुजाऱ्याच्या चेहऱ्यावर चिकटवून दिलेली आहे. इंग्लंडच्या दिवाणखान्यांत हिंदुस्थानातली किती लूट मांडून ठेवली होती हे लक्षात घेतले, म्हणजे खिडकीबाहेर कोणीतरी उभे आहे असे त्या प्रेक्षकांना वारंवार का वाटावे, याचे नवल उरत नाही.

मराठी माणसाचा रत्नाकडे पाहण्याचा रिवाज याहून निराळा आहे. रत्न शापित असते असे येथे सहसा म्हणत नाहीत. ते ‘लाभते’ किंवा ‘लाभत नाही’. नीलमासारखा शनीचा खडा अंगठीत जडवण्यापूर्वी काही रात्री उशाखाली ठेवून पाहण्याची, स्वप्ने वाईट पडली तर सोनाराला परत करण्याची पद्धत अजून घराघरांत आहे. दोष दगडाचा नसतो, दगड आणि माणूस यांचे जमत नाही एवढेच. देवाच्या मालकीचे धन म्हणजे देवस्व, आणि ते हडपण्याला महापाप म्हटले आहे. पण ते पाप हडपणाऱ्याला लागते, दगडाला नाही. आणि आपल्या पुराणांतल्या शापाला बहुधा उःशाप असतो. उःशाप म्हणजे शापातून सुटण्याची अट, आणि अट ठेवलेली असल्यामुळे कथा सूडापाशी संपत नाही, सुटकेपर्यंत जाते.

स्यमंतक मण्याची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. गणेश चतुर्थीला चुकून चंद्र दिसला तर चोरीचा आळ येतो आणि तो टाळायला ही कथा ऐकायची, हे मराठी घरांत लहान मुलांनाही माहीत असते, पण ही शुद्ध हेरकथा आहे हे क्वचितच ध्यानात येते. सूर्याने सत्राजिताला दिलेला मणी त्याचा भाऊ प्रसेन गळ्यात घालून शिकारीला जातो आणि परत येत नाही. मणी आधी कृष्णाने मागितला होता, म्हणून संशय कृष्णावर. कृष्ण मग काय करतो, तर चार नागरिकांना साक्षीला घेऊन रानात माग काढतो. प्रसेन आणि त्याचा घोडा मरून पडलेले, तेथून सिंहाची पावले, पुढे मेलेला सिंह, तेथून अस्वलाची पावले आणि शेवटी जांबवंताची गुहा. विष्णुपुराणात या मण्याचा गुणही सांगितला आहे: शुचिर्भूत माणसाने धारण केला तर रोज सोने देईल, अशुद्धाने केला तर जीव घेईल. कॉलिन्सच्या कितीतरी शतके आधी रत्न, मृत्यू, खोटा संशय आणि पावलांच्या ठशांवरून लागलेला छडा, हे सर्व एका गोष्टीत येऊन गेलेले आहे.

रत्न, शाप आणि सूड ही तिन्ही एका माणसात पाहायची असतील तर अश्वत्थामा पाहावा. जन्मतः कपाळावर मणी असलेला हा योद्धा बापाच्या वधाचा सूड म्हणून झोपलेल्या द्रौपदीपुत्रांची रात्री कत्तल करतो, आणि त्याची शिक्षा म्हणून मणी काढून घेतला जाऊन हजारो वर्षे भटकण्याचा शाप त्याला मिळतो. येथे ज्याच्या कपाळीचे रत्न काढले जाते तोच अपराधी असतो, म्हणजे पाश्चात्त्य रत्नपटाची रचना बरोबर उलटी होते. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंभा शिखरावर दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते, ती अश्वत्थाम्याच्या नावाने. आणि कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो, असे सातपुडा आणि नर्मदेच्या पट्ट्यात आजही सांगतात. खांद्यावर घोंगडी, कपाळावरून ओघळणारे रक्त आणि हात पुढे करून मागितलेले पळीभर तेल: इतके साधे आणि इतके भयंकर दृश्य हॉलिवूडच्या एकाही रत्नपटात नाही.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत काढल्यावर ते १९१३ मध्येच नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ हे चित्रपट, तसेच १९१८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीचे काम येथूनच झाले. त्यांनी तरुणपणी जादूचे प्रयोग शिकून घेतले होते आणि आपले आडनाव उलटे वाचून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते हे प्रयोग करीत. हा जादूगार त्यांच्या कॅमेऱ्यात कायम राहिला. कॅमेरा थांबवायचा, नटाला जागेवर गोठवायचे, वस्तू बदलायची आणि पुन्हा हात फिरवायचा, म्हणजे पडद्यावर वस्तू क्षणात पालटते; फिल्म मागे गुंडाळून त्याच पट्टीवर दुसरे चित्र घ्यायचे, म्हणजे माणूस पारदर्शक होतो. लंडन-न्यूयॉर्कमध्ये याच युक्त्यांनी भुते निघत होती, नाशिकमध्ये देव प्रकट होत होते. भरताच्या नाट्यशास्त्रातील शब्द वापरायचे तर यंत्र एकच, पण तिकडे त्यातून भयानक रस काढला गेला आणि इकडे अद्भुत.

भय फाळक्यांना वर्ज्य होते असे नाही. ‘मोहिनी भस्मासुर’ ही तर देवाकडून मिळालेली शक्ती देवावरच उलटवणाऱ्याची आणि स्वतःच्याच हाताने राख होणाऱ्याची कथा आहे. संकटात सापडतो तो शिव, म्हणजे त्र्यंबकचाच देव. याच चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, आणि स्त्रीची कामे पुरुषांनी करण्याच्या रिवाजाला पहिला छेद गेला. १९१९ चा ‘कालियामर्दन’ सुदैवाने बराचसा शिल्लक आहे आणि त्याचा आरंभ पाहण्यासारखा आहे. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर नुसता चेहरा धरून बसते, हसते, रागावते, रुसते, आणि मग तोच चेहरा विरघळत मुकुटधारी कृष्णाचा होतो. प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलेले असते की हे सोंग आहे, ही आमची मुलगी आहे. आणि तरीही पुढे ती यमुनेच्या डोहात उतरून नागाशी झुंजते तेव्हा काठावरच्या गोकुळाबरोबर त्याचाही श्वास अडकतो. डोह विषारी करणाऱ्या कालियाला मारण्याची संधी हाती असताना नागपत्नींच्या विनवणीवरून त्याला सोडून दिले जाते. सूडपटाला न पेलणारा हा शेवट आहे.

जर्मनीतला प्रकार थोडक्यात सांगून पुढे जावे. दिग्दर्शक जो माय याने १९२१ मध्ये ‘दास इंडिश ग्राबमाल’ हा दोन भागांचा प्रचंड चित्रपट बर्लिनजवळ खोटे हिंदुस्थान उभारून काढला. राणीवर सूड घेऊ पाहणारा महाराजा त्यात कॉनराड फाइटने रंगवला होता. पटकथा फ्रिट्झ लांग आणि थेआ फॉन हार्बो यांची. याच हार्बोने पुढे बेळगावकडच्या अयि तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी लग्न केले, तेव्हा कल्पनेतल्या महाराजानंतर खरा हिंदी माणूस तिच्या वाट्याला आला, एवढी नोंद पुरे.

मराठीत सूड, पुजारी आणि डोळा हे तिन्ही एकत्र आले ते प्रभात कंपनीच्या पुण्यातील पहिल्या चित्रपटात, १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये. देवीपुढचे बळी बंद करणाऱ्या राजावर राजगुरू सूड उगवतो, अशी ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरील ही कथा. व्ही. शांताराम यांनी दूरचे दृश्य जवळ ओढणारे भिंग लावून राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दाखवला. मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी ती भूमिका केली. चंद्रमोहनचा तो डोळा पाहिलेला प्रेक्षक तो विसरत नाही. पाश्चात्त्य रत्नपटातही सूड घेणारा पुजारीच असतो, पण तो परका म्हणून भयंकर वाटतो. ‘अमृतमंथन’मधला राजगुरू आपलाच आहे, आणि त्याची भीती वाटते ती त्याच्या हातातल्या धर्मसत्तेमुळे. सुधारकांच्या महाराष्ट्रातच असा भयपट निघू शकत होता. या संपूर्ण परंपरेत शांतारामांचा डोळा सर्वांत सरस मानावा लागेल, आणि त्यात रत्न मुळीच नाही.

नाशिकचा हिरा मात्र पडद्यावर कधी गाजला नाही. १९२७ मध्ये तो पॅरिसच्या मोबूसँ या जवाहिऱ्याकडे आला आणि अमेरिकेत नेला गेला, तेव्हा शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू म्हणून त्यावर जकात माफ व्हावी की नाही यावर खटला चालला. हा हिरा कलाकृतीत मोडत नाही, असा निकाल अखेर वरच्या न्यायालयाने दिला. १९४० मध्ये तो न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनकडे गेला, म्हणजे ज्याने पुढे १९५८ मध्ये होप हिरा साध्या रजिस्टर टपालाने वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला पाठवून दिला त्याच व्यापाऱ्याकडे. विन्स्टनने त्याला चौकोनी घाटात पुन्हा पैलू पाडले. १९७० च्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले आणि पुढे तो लेबनॉनच्या मुआवाद यांच्या संग्रहात गेला. त्याचे आजचे वजन ४३.३८ कॅरेट, म्हणजे ८.६८ ग्रॅम आहे. त्र्यंबकहून निघताना दीड तोळ्याचा असलेला हिरा पाऊण तोळ्यावर आला आहे.